डावीकडचं पुढचं चाक

सहदेवने ओल्या फडक्याने टायरची बाजू घासली. कारखान्यातच लावलेला वरचा निळा थर सुटत गेला आणि खालून पांढरी, उठावाची अक्षरं दिसू लागली. त्याने बोट फिरवून पाहिलं. रंग लावलेला नव्हता, रबरच पांढरं होतं.

"हे कशाला घेतले, पप्पा?"

तो दचकला. श्रुतिका शेजारीच उभी होती, तरी त्याला ती दिसली नव्हती. हल्ली समोरचं तेवढं दिसे, कडेचं काळं पडे. काचबिंदू म्हणतात त्याला, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि गेलेली नजर परत येत नाही, हेही सांगितलं होतं. घरी येऊन त्याने एवढंच सांगितलं की औषध चालू आहे, दिवाळीनंतर गाडी परत मी चालवतो. कुरियरच्या ऑफिसातली नोकरी सोडून लेक त्याच्या भाजीच्या पिकअपवर बसली, ती दिवाळीपर्यंतच, असं घरात ठरलेलं होतं.

"अगं, जुने पार गुळगुळीत झाले होते."

"ते माहितीये. ही अक्षरं कशाला?"

टायरवाला राजाराम जॅक सरकवत हसला. मानखुर्दला दुकान टाकून त्याचा जन्म गेला, पण बोलण्यातून मालवण गेलं नव्हतं.

"मी पण तांच विचारलंय. गाडयेचा लगीन काढलंस की काय रे मेल्या?"

पूर्वी जुहूच्या एका हॉटेलात सहदेव भाजी पोचवायचा. तिथे आवारात एक जीप उभी असे. तिच्या चाकांवर अशीच पांढरी अक्षरं होती. रिकामी पोती घडी करता करता तो त्या चाकांकडे बघत राही. पुढे टायर घ्यायची वेळ आली की दर वेळी तो दुकानात जाई आणि साधे काळे घेऊन येई. भाजीच्या गाडीला कशाला नखरे, असं स्वतःलाच बजावी. या खेपेला मात्र राजारामला सांगून त्याने हे मुद्दाम मागवले होते.

"वजन घेतील ना?" श्रुतिकाने राजारामला विचारलं.

"वजन काळ्यांएवढाच घेतले. माल एकच. ह्या बाजूक अक्षरां, पलीकडची बाजू कोरी काळी. खयची बाहेर लावूची, तां सांगा."

"काळी."

"ए, थांब गं," सहदेव म्हणाला. "मग मागवले कशाला मी? छान दिसेल गाडी. लोक बघतील."

"लोक गाडी नाही बघत, पप्पा." तिने ओढणीने मान पुसली. "वाशीला मार्केटमध्ये गाडी लावली की मोबाईल बाहेर काढतात. परवा एक जण म्हणतो, ताई, जरा परत एकदा रिव्हर्स घ्या ना, व्हिडिओ करतो. मागे टोमॅटो भरलेत, घाटकोपरला दुकानदार बोंबलतोय, आणि ह्याला व्हिडिओ पाहिजे. त्यात आता ही पांढरी चाकं. वाट लागेल माझी. मला भाजी भरायची, निघायचं, बस."

"आता दिवाळीपर्यंतचा तर प्रश्न आहे. नंतर मीच बसणार ना गाडीवर. तेव्हा परत काढून उलटे कुठे लावत बसू?"

एरवी असं काही तो म्हणाला की श्रुतिका लगेच "हो पप्पा" म्हणायची. आज म्हणाली नाही. राजाराम खाली वाकून पाना शोधायला लागला. पाना त्याच्या पायाशीच पडला होता.

रस्त्यावरून एक डंपर धूळ उडवत गेला. श्रुतिका गाडीच्या फाळक्याला टेकली आणि तिने डोळे मिटले. पहाटेपासून ती गाडीवर होती. क्रेट उचलून तिच्या बोटांच्या पेरांची सालटी निघाली होती, तशी पूर्वी त्याची निघत. उभ्या उभ्या अशी डुलकी घेणंही त्याच्याच अंगवळणी पडलेलं होतं. ते तिच्याकडे कधी आलं, ते त्याला कळलं नव्हतं.

"बोल रे सहदेवा," राजाराम म्हणाला. "आत की बाहेर? गाडी तुझ्या नावावर हा."

सहदेवने फडकं पिळलं. निळं पाणी त्याच्या चपलेवर सांडलं.

"आत," तो म्हणाला. "काळी बाजू बाहेर कर."

मागची दोन्ही चाकं बसली. उजवीकडचं पुढचंही बसलं. सहदेव स्टुलावर बसून बघत होता. खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं. काळे टायर, जसे नेहमी असत. त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण नुसता थकवा वाटत होता, गाडी रिकामी केल्यावर पाठीत उतरे तसा.

राजारामने शेवटचा टायर रिमवर चढवायला घेतला, तशी श्रुतिका पुढे आली.

"काका, हा उलटा लावा. अक्षरं बाहेर."

"ह्योच? तीन काळे नि एक पांढरो? लोक हसतले गो."

"हसू देत. डावीकडचं पुढचं आहे ना? ती बाजू पप्पांची आहे."

एवढं बोलून ती पाणी प्यायला नळाकडे गेली. राजारामने सहदेवकडे पाहिलं. सहदेव चपलेवरचा निळा डाग दुसऱ्या पायाने पुसत होता. पुसून झाल्यावरही तो पुसतच राहिला.

"लाव," शेवटी तो म्हणाला. "सांगते तसं लाव."

चाक बसलं. हवा भरून झाली. निघताना सहदेव डावीकडून चढला आणि त्याने दार ओढून घेतलं. श्रुतिकाने आरशात मागचं पाहिलं, मान वळवून त्याच्या बाजूचंही पाहिलं आणि गाडी रस्त्यावर घेतली. रोज तिच्या शेजारी बसला की तिच्या प्रत्येक ब्रेकला त्याचा उजवा पाय आपोआप खालच्या पत्र्यावर दाबला जाई. आज सिग्नल लागला, तिने गाडी थांबवली, आणि पाय होता तिथेच राहिला.

"पप्पा, चहा घ्यायचा का पुढे?"

तिने वळून पाहिलं. सहदेवचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं आणि झोपेत तोंड किंचित उघडं पडलं होतं. तिने हात लांबवून त्याच्या दाराची कडी नीट लागली आहे ना ते पाहिलं, आणि सिग्नल सुटल्यावर गाडी हळूच पुढे घेतली.