टेम्पोचा ॲक्सल

राजनंदिनीचं गॅरेज नागापूर एमआयडीसीत. गिऱ्हाइकांच्या गाड्या हातावेगळ्या झाल्या की ती आणि तिचा धाकटा भाऊ करण मागच्या शेडमधल्या आपल्या शर्यतीच्या गाडीकडे वळायचे. शर्यत चारशे मीटरची, सरळ रेषेतली. गाडी तिनं बांधायची आणि त्यानं पळवायची, ही वाटणी पहिल्यापासूनची.

गेल्या वर्षी गाडी सुटतानाच मागचा शाफ्ट तुटला. मागची चाकं तेव्हा कारच्या ॲक्सलवर होती; त्यात चाक शाफ्टलाच बसवलेलं असतं. शाफ्टबरोबर चाकही निसटलं आणि गाडी गरगरत कठड्यावर गेली. करणच्या खांद्याचं हाड मोडलं. पुढं हाड जुळलं, गाडीही उभी राहिली. राहिला तो नवा ॲक्सल.

करणला तसलाच, पण नवा हवा होता. हलका, गाडीखाली सहज बसणारा. राजनंदिनी मात्र मिरजगावला गेली आणि छगन भंगारवाल्याकडून एका टेम्पोचा ॲक्सल घेऊन आली. तो चांगलाच जड. रुंदही इतका, की दोन्हीकडून कापून आखूड करावा लागणार. पण त्यात चाकाचा भार बाहेरच्या जाड नळीवर असतो, शाफ्ट आतून चाक नुसतं फिरवतो. तो तुटला तरी चाक जागा सोडत नाही.

करणनं तो पायानं ढोसून पाहिला. असलं लोढणं गळ्यात बांधून कोण जिंकतं, असं त्याचं म्हणणं. तिनंही ते खोडलं नाही.

"ताई, गाडीत बसनार मी हाय," तो शेवटी म्हणाला. "मंग ठरवनार बी मीच."

"बसनार तू, पन भाईर हुबं राहून बघनार मी. त्या दिवशी धुरळा खाली बसस्तवर तू जिता हाय का न्हाई, मला कळत नव्हतं. हलका बसवायचा तर दुसऱ्याकडून बसवून घे."

तो खरंच राहुरीला एका गॅरेजात गेला. तिथला मिस्त्री लगेच तयार झाला. आधी काय तुटलं होतं, कसं तुटलं, एका शब्दानं विचारलं नाही. ते करणला बरं वाटलं नाही, असं त्यानं नंतर सांगितलं. त्या दिवशी मात्र तो काही न ठरवताच परत आला आणि वेल्डिंग करताना नळी धरून बसला.

शर्यतीत पहिली फेरी त्यांनी जिंकली. दुसरीत करण निम्म्याच्या पुढंपर्यंत आघाडीवर होता. पण टेम्पोच्या ॲक्सलमधले गिअर ओझं ओढायला केलेले. इंजिन किंचाळायला लागलं, वेग काही वाढेना. शेवटच्या पट्ट्यात शेजारची गाडी पुढं निघून गेली.

राजनंदिनी कठड्याशी उभी होती. गाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिला दिसत राहिली. हरल्याचं वाईट वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

करणनं हेल्मेट काढलं. तो मागच्या चाकांपाशी आला.

"ॲक्सल ह्योच राहू दे," तो म्हणाला. "आतलं क्राउन-पिनियनचं गिअर तेवढं बदलता यील का?"

"यील," ती म्हणाली, आणि चाक किती तापलंय ते बघायला खाली वाकली.