‘मयताची वरात’ आणि मंडळीची पेटी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. सूर काढणारी पेटी. कपडे ठेवायची नव्हे. हल्ली मुलांना तेही सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगितलं. आणि ‘जुनी’ वाचून कुणी तोंड वाकडं करू नये. माझं लाकूड सागाचं आहे. माझ्या पोटातल्या पितळी जिभा रंगनाथ मिस्त्रीने एकेक घासून बसवल्या. नगरला त्याच्या दुकानात दुसऱ्याही पेट्या होत्या, पण ‘ही बोलायला तिखट आहे’ असं तो माझ्याच बाबतीत म्हणाला होता.

मिरजगावजवळच्या एका वस्तीवरच्या ख्रिस्ती मंडळीने मला घेतलं आणि दयाबाईपुढे ठेवलं. दयाबाई दुसरी शिकलेली. पुस्तकातला गीताचा आकडा तेवढा तिला वाचता येई, पुढचं सगळं कानाने. चाळीस वर्षं दर रविवारी तिचा डावा हात माझ्या भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर असायचा. कुणी सूर लांबवला तर वाजवता वाजवता ती डोळ्यांनीच झापायची. लग्नात, मयतात, नाताळच्या फेरीत ती मला गळ्यात अडकवून फिरली. लोक म्हणत, ही पेटी वाजायला लागली की खोटं गाता येत नाही. हे कौतुक माझं होतं. दयाबाई ते स्वतःचं समजायची. असो.

मग आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कीबोर्ड आला. पाळकांचा, म्हणजे आमच्या पाद्रींचा, पुतण्या नॅथन तो वाजवतो. वाजवतो कसला? बटण दाबतो. आत भरून ठेवलेलं गाणं ढोलकीसकट आपोआप सुरू होतं आणि हा वरून बोटं फिरवतो. म्हाताऱ्या माणसांचा दम मध्येच तुटतो, पण गाणं त्यांच्यासाठी थांबत नाही. ते एकटंच पुढे निघून जातं. मला मागच्या खोलीत ठेवलं. तिथे उंदराने माझा भाता कुरतडला. श्वासच गेला, मित्रांनो. ओरडायलासुद्धा वारा लागतो.

आमच्याकडे सुगीचा सण असतो. ज्वारी घरात आली की लोक देवळात कोंबडी, भोपळा, अंडी, कणसं आणतात आणि उपासना झाल्यावर अंगणात लिलाव होतो. बोली जिंकणारा वस्तू घरी नेत नाही. ‘परत मंडळीला’ म्हणून तो ती पुन्हा टेबलावर ठेवतो आणि बोली नव्याने सुरू होते. एक भोपळा पाच घरं फिरतो आणि शेवटी पाळकांच्या आमटीत जातो. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कुणी सांगत नाही.

दयाबाईने त्या वर्षी मलाच टेबलावर ठेवलं. तिचा हिशोब सरळ होता. लोक बोली लावतील, मला परत करतील, आणि एवढ्या जणांनी मानाने परत केलेली पेटी पाळकांना दुरुस्त करावीच लागेल. दुरुस्त करा म्हणून तोंड उघडून मागणं तिच्या स्वभावात नव्हतं.

कुणीच बोली लावली नाही. कोंबडीला सात जण ओरडले होते. मला कुणी नाही.

तेवढ्यात रस्त्यावर थांबलेल्या टेम्पोतून हिरव्या केसांचा एक दांडगा माणूस आत आला. त्याने एकदाच बोली लावली आणि मला काखोटीला मारलं. सगळे वाट बघत होते, आता ‘परत मंडळीला’ म्हणेल, मग म्हणेल. तो काहीच म्हणाला नाही. परका होता तो, त्याला काय माहीत? त्याने मला टेम्पोत टाकलं. दयाबाईने फक्त पदर सारखा केला. नॅथन म्हणाला, आत्या, मागून घ्या की. ती म्हणाली, “दिलेलं मागायला मी काय भिकारीन हाय?”

अशी मी नगरला, सावेडीतल्या एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये पोहोचले. हिरव्या केसांचा, गाणारा अंगद, ढोलताशापासून परातीपर्यंत काहीही बडवणारी रोहिणी, आणि दोघे गिटारवाले. त्यांच्या बँडचं नाव ‘मयताची वरात’. तोंडाला राख फासून, कफनासारखी पांढरी कापडं गुंडाळून ते गातात. गाणी कसली, घाण नुसती. देवाला शिव्या, पुढाऱ्याला शिव्या, मेलेल्या बापाला शिव्या, आणि ऐकायला आलेल्यांना तर नाव घेऊन. पहिल्या दिवशी मला वाटलं, उंदीर बरा होता.

पण मित्रांनो, मला कान आहेत, आणि खोटं मला जमत नाही. ती माणसं वाजवत होती. खरंखुरं, हातांनी. बटण नाही, भरून ठेवलेलं काही नाही. एक जागा चुकली म्हणून चौघांनी ती सकाळपासून दुपारपर्यंत घोटली आणि रोहिणीच्या बोटांतून रक्त आलं. एकदा वाजवताना एका गिटारची तार तुटली. वाजवणारा थांबला नाही, उरलेल्या तारांवर गेला, आणि बाकीचे तिघे एका श्वासात त्याच्याबरोबर वळले. कुणी कुणाला मागे टाकलं नाही. आमच्या देवळात एवढ्या वर्षांत मी इतकी चांगली सोबत ऐकली नव्हती. तोंड गटारीचं आणि हात असे. माझ्यासारखीने काय करावं?

मग कळलं, मला कशासाठी आणलं होतं. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी ते एक जुनी वस्तू घणाने फोडतात. आधी शिलाई मशीन झालं होतं, मग टीव्ही. आता देवळातली पेटी. अंगदला हवं होतं की मी आधी एक लांब सूर काढावा आणि त्या सुरावरच घण पडावा. म्हणून रोहिणीने माझ्या भात्याला सायकलच्या ट्यूबची ठिगळं लावली, एकेक जीभ ब्रशने साफ केली. इतक्या वर्षांनी माझ्या छातीत वारा भरला. ज्यांनी मला जीव दिला तेच मला मारणार होते. मी रडले. रोहिणी म्हणाली, हवा गळतेय अजून, आणि तिने आणखी एक ठिगळ लावलं.

कार्यक्रमाच्या जाहिरातीत माझा फोटो नॅथनने मोबाईलवर बघितला आणि दयाबाईला दाखवला. संध्याकाळी मैदानात पोरांच्या गर्दीत पुढे, खुर्चीवर ताठ बसलेली पांढऱ्या लुगड्यातली ती मला दिसली. माझ्या शेजारी घण ठेवलेला होता.

अंगदची खोड ही की गर्दीत कुणी वेगळं दिसलं की त्याची टर उडवायची. तो माईकवरून म्हणाला, “ए म्हातारे, इथं कशाला आलीस? तुझी वरात उद्या काढतो, आज घरी जा.”

पोरं हसली. दयाबाई उठली.

“शिव्या दे, पर तालात दे. चवथ्या गान्यात तू आदी आलास. त्या पोरीनं सावरलं म्हनून लाज ऱ्हायली.”

रोहिणी हसली. अंगदने माईक खाली केला, कारण ते खरं होतं. मग त्याने विचारलं, पेटी परत न्यायला आलीस का?

“न्यायला न्हाई. वाजवायला आले. मेलेल्यालाबी शेवटचं पानी पाजत्यात.”

तिला मंचावर घेतलं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. तिने मयताचं जुनं गीत धरलं, संथ. दुसऱ्या ओळीला रोहिणी हलक्या हाताने आत आली, मग गिटारवाले. तिसऱ्या कडव्यात तिची बोटं अडली आणि सूर सुटला. मला वाटलं, गाणं आता पुढे निघून जाणार. ते तिघे तिच्यासाठी थांबले. त्याच सुरावर, तिचा हात पुन्हा पट्ट्यांवर येईपर्यंत, गोल फिरत राहिले. मग सगळे मिळून पुढे गेले.

गीत संपलं. मागून पोरं ओरडायला लागली, फोड, फोड. अंगद घणाला हात न लावता म्हणाला, आजी, घेऊन जा हिला.

“न्हेऊन काय करू? उंदरापुढं ठिवू? हितं वाजव. ज्या दिशी हिला वाजवनारा हात उरनार न्हाई, त्या दिशी खुशाल फोड. नुसती ठिवू नगंस.”

माझ्यासाठी तिने दया मागितली नाही. ती मला ओळखते.

आता प्रत्येक कार्यक्रमात मी असते आणि घणही असतो, टेम्पोत माझ्याच शेजारी. रोहिणी दर रविवारी स्कूटरवर वस्तीवर जाते आणि दयाबाईच्या शिव्या खात तिची गीतं शिकते. एकोणीस गीतं झाली. दयाबाईच्या कानात दोनशेच्या वर आहेत, कुठेच लिहिलेली नाहीत, आणि आता तिचं तिसरं बोटही वाकायला लागलंय. एक गिटारवाला पुण्याला नोकरीला गेला. बँड राहील की नाही, कुणी सांगत नाही. माझी छाती पुन्हा गळायला लागली आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात, देवळात, शाळेच्या कपाटात कुणीतरी माझ्यासारखी असेल. तिला झाकून ठेवू नका, फुलं वाहू नका. जिला वाजवता येतं तिच्याकडे आजच जा, शिव्या खा आणि बसा. धूळ पुसायची राहिली तर राहू द्या. आधी भाता ओढा.