मोजणीदाराला आणा, मग येते

धरणाच्या काठावरची आमची वाडी सरकारी सूचनेवर विश्वास ठेवत नाही, आणि मी या वाडीची सून, तेव्हा मीही ठेवत नाही. गेल्या वैशाखात वादळ येणार म्हणून आम्हाला शाळेत नेऊन बसवलं. वादळ आलंच नाही. घरी परतलो तर भातखाचरांत मोजणीच्या लाल खुंट्या ठोकलेल्या! कुणा शेठला म्हणे तिथे पाण्याकाठी बंगले बांधायचे होते. खुंट्या आम्ही चुलीत घातल्या.

म्हणून यंदा तलाठी भाऊसाहेब घाम पुसत आले आणि म्हणाले, "वादळ येतंय, शाळेत चला," तेव्हा अख्खी वाडी हसली.

"मुरबाडला येनार येनार म्हनतात ती रेल्वे अजून आली नाय, नि वादळ कशात बसून येनार?" माझी सासू अंबूबाई ओट्यावरून म्हणाली.

मला मात्र हसू येईना. पश्चिमेचं आभाळ काही ठीक दिसत नव्हतं आणि आमच्या घरावर जुना आंबा वाकलेला. म्हातारी उठल्याशिवाय मी कशी उठणार? माझा तिच्यावर जीव आहे, आणि ती महाहट्टी.

"आई, चला ना."

"घर रिकामं सोडलं का मोजतात, सूनबाई. मी नाय उठायची." मग एकदम तिचे डोळे चमकले. "भाऊसाहेब, तुमचा तो मोजनीवाला हाय ना, त्याला आना. तो आमच्यासंगं शाळेत बसला तर मी येते. तो आमच्यात, मग मोजील कोन?"

"बरोबर!" वाडी ओरडली. भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला, पण फोन लावला.

मोजणीदार दिपेश तोंड पाडून मोटारसायकलवर आला. अंबूबाईने त्याला शाळेत भिंतीकडेला बसवलं, त्याच्यापुढे तांदळाची भाकर आणि सुकट ठेवली, आणि स्वतः दारात ठाण मांडलं. "भाईर जायचं तर मला सांगून जा, बाबा." तिसऱ्या भाकरीला तोही हसला.

दुपार कलली आणि वारा सुटला. असा वारा मी जन्मात ऐकला नव्हता. मग कुणी विनोद केला नाही.

संध्याकाळी वारा पडल्यावर आम्ही घराकडे धावलो. आंबा घर मोडून सरळ ओट्यावर आडवा झाला होता, सासू सकाळी बसली होती तिथेच. मी तिला मिठी मारून ढसाढसा रडले. दिपेश पांढराफटक पडला. भाऊसाहेब हळूच म्हणाले, "पंचनाम्याला मोजमाप घ्यावं लागेल."

अंबूबाईने पदर खोचला.

"घर पडलं, जागा नाय पडली. काढ रे तुझी टेप. आता मोज, आमी सगळी हितं उभी हाव."

दिपेशने टेप काढली. तिचं दुसरं टोक अंबूबाईने मुठीत धरलं, आणि मोजणी होईपर्यंत कुणाच्या हाती दिलं नाही.