बा नाही म्हणाला, ते गाळलं

हे सगळं घडलं २०२२ साली, दिवाळीच्या आधीच्या पंधरा दिवसांत. मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होते. कोल्हापुरात मी आणि माझी नात निशा, दोघीच राहायचो. ती शाहूपुरीत एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती.

एका संध्याकाळी ती आली आणि गाडी रस्त्यावर न लावता ओढत आत घेतली. चप्पलसुद्धा काढली नाही. मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाली, "आजी, हे कुणी लिहिलंय ते सांग."

'वेशीबाहेरची लेक' नावाचं एक पेज होतं. वाचणारी माणसं चाळीस हजार. लिहिणारी स्वतःला बौद्धाची पोर म्हणवत होती. कोल्हापुरात दातांच्या दवाखान्यात काम करते, म्हातारी आजी सांभाळते. ती सदा उपाशी, बाप सदा प्यालेला, तोंडात सदा शिवी. आणि दसऱ्याला तिची आई मरीआईला कोंबडं कापत होती.

तिथं मला हसूच आलं. माझ्या बानं छप्पन साली घरातले देव नदीत सोडले. त्यानंतर आमच्या घरात मरीआईचं कुणी नाव काढलं नाही. आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल की ही आमच्यातली नव्हे. पण ते चाळीस हजार थोडेच आमच्यातले होते.

पुढं वाचत गेले. पेठ वडगावजवळच्या आमच्या गावाचं नाव होतं. तिथल्या जोतीराम पाटलांचं नाव होतं. त्यांची म्हैस मेली, पोरीच्या आजीचा बाप ती ओढून नेतो आणि मांसासाठी त्यांच्या पाया पडतो, असं लिहिलं होतं.

त्या म्हशीची गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली होती, राजवर्धनला. कॉलेजात शिकवणारा, मोठ्या घरातला, तिशीचा माणूस. आदल्या पावसाळ्यात आठ दुपारी येऊन त्यानं माझ्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड केल्या होत्या. आमच्यात जेवायचा, ताट स्वतः मोरीत नेऊन ठेवायचा.

खाली लोकांनी लिहिलं होतं, हिला शोधा. एकानं निशाच्या गाडीचा फोटो टाकला होता, नंबरासकट. त्या दिवशी दोघंजण दवाखान्यात येऊन तिच्या नावानं चौकशी करून गेले होते.

सकाळी आम्ही राजवर्धनच्या घरी गेलो. त्यानं काही नाकारलं नाही.

"मावशी, मी तुमचीच बाजू मांडत होतो. माझ्या नावानं लिहिलं असतं तर कुणी वाचलं नसतं."

"आणि माझा दवाखाना कशाला घातला?" निशानं विचारलं.

"खरं वाटावं म्हणून."

मी म्हणाले, "बा म्हैस ओढायला नाही म्हणाला, ते तुला दोनदा सांगितलं होतं. ते का गाळलंस?"

तो म्हणाला, "त्यानं लोकांना रडू येत नाही, मावशी."

"मग आता तुझ्या नावानं लिही, की हे सगळं मी लिहिलं."

"नोकरी जाईल माझी. घरचे उभं करणार नाहीत." त्यानं मोबाईल उचलला. "थांबा, पुसूनच टाकतो."

"पुसू नका," निशा म्हणाली, तोवर त्याचं बोट दाबून झालं होतं.

दुपारपर्यंत लोकांनी लिहिलं, पोरगी घाबरली, पुसून पळाली.

रविवारी सकाळी दारात जीप थांबली. चौघं उतरले. निशाला मी स्वयंपाकघरात कोंडून घ्यायला लावलं. मी चौकट धरून दारात उभी राहिले.

"म्हातारे, नात कुठं हाय?" पुढचा म्हणाला. "मी अमरसिंह. जोतीराम पाटलांचा नातू. माझ्या आज्ज्याची अब्रू काढली तिनं."

"तिनं न्हाय लिवलं."

"मग पुसलं कशाला?"

राजवर्धनला फोन लावला. उचलला नाही. हात जोडून माफी मागितली असती तर कदाचित ते गेले असते, आणि निशाच्या नावावर ते कायमचं बसलं असतं. दुसरं काय होतं माझ्याकडं? जे खरं घडलं होतं ते. पण ते त्यांच्या आज्ज्याला लिहिलेल्यापेक्षा जास्त लागणार होतं.

"ते खोटं हाय," मी म्हणाले. "माझा बा म्हस वढायला गेलाच न्हाय. सत्तावन साली तुझ्या आज्ज्याच्या तोंडावर न्हाय म्हनला. आज्ज्यानं त्येला चावडीपुढं आसुडानं फोडला, आमचं पाणी तोडलं. म्हनून आमी इचलकरंजीला गेलो. माझ्या नातीला ह्ये पाठ हाय. ती लिवती तर ह्येच लिवती."

"लई बोलायलीस," मागचा एकजण पायरी चढला.

"तानाबाई हाय न्हवं अजून? आज्जीलाच इचार. ती चावडीसमूरच्या सोप्यात उभी हुती."

मला तोंडघशी पाडायला म्हणून अमरसिंहनं फोन लावला आणि आवाज मोठा केला. त्यानं विचारलं. पलीकडून तानाबाईचा आवाज आला.

"कोन, नामाची अंजी? जित्ती हाय व्हय?" मग म्हातारी म्हणाली, "न्हाय वढली त्यानं. तीन दिस दारात कुजत हुती म्हस. मालकांनी लई मारला त्येला. मी बगत हुते. ठेव आता फोन."

पायरी चढलेला खाली उतरला. अमरसिंह माझ्याकडं न बघता म्हणाला, "चला रे." जीपपाशी जाऊन परत वळला. "ही गोष्ट हितंच ऱ्हाऊ दे."

तानाबाई पुढच्या शिमग्यात वारली. निशानं महिन्याभरात दवाखाना सोडला. आता पुण्यात असते, आणि मोबाईलवर स्वतःचा फोटो ठेवत नाही. राजवर्धन सांगलीच्या एका कॉलेजात गेला; माझ्या आठ दुपारी अजून त्याच्याकडंच आहेत. मागितल्या, उत्तर नाही. अमरसिंह ग्रामपंचायतीत निवडून आला. गेल्या साली वडगावच्या बाजारात त्यानं मागून हाक मारली, "मावशी, बरं हाय न्हवं?" एवढंच विचारून तो पुढं गेला. पण माझ्या हातातली पिशवी सुटली होती, आणि कांदे गोळा करायला मला वाकता येईना.