पादुकांच्या पेटीतला प्राण

गारखेड्यात बद्रीनाथच्या घरासमोरचा मोकळा प्लॉट त्या रविवारी सकाळीच भरून गेला. फुलंब्रीहून भावकी आली, मुकुंदवाडीहून त्याच्या आईचं, चतुराबाईंचं, भजनी मंडळ आलं, आणि ज्यांना कशाचाच पत्ता नव्हता ती माणसं तर सगळ्यांच्या आधी येऊन पुढं बसली.

मधोमध जीप उभी होती. जीपच्या मागं हुकाला जोडलेला पांढरा डबा. डबा कसला, चाकांवरचं घरच ते! आत पलंग, शेगडी, कपाट, कोपऱ्यात इवलासा संडास. बद्रीनाथ पर्यटकांना वेरूळ-अजिंठा दाखवायचा. त्यांच्या मुक्कामाची सोय व्हावी म्हणून त्यानं हा जुना पण धडधाकट डबा हौसेनं विकत घेतला होता.

पण गर्दीचे डोळे डब्यावर नव्हते. ते होते जीपच्या काचेखाली चिकटवलेल्या तळहाताएवढ्या पडद्यावर. पडद्यावर सहा चाकं. जीपच्या चार चाकांपुढं हवेचे आकडे दिसत होते. डब्याच्या दोन चाकांपुढं नुसत्या आडव्या रेघा, आणि थोड्या थोड्या वेळानं टीं टीं, टीं टीं.

"ऐकलं का?" वायुनाथ महाराजांनी हात वर केला. "मशीन वाजत नाय, माई. चाकं रडायलीत!"

मंडळातल्या दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला.

"पण महाराज, हवा तर टाइट हाय," बद्रीनाथ चाचरत म्हणाला. "मी सोता मोजली."

"हवा हाय, बेटा. प्राण नाय!" महाराज गरजले. "मेलेल्या मानसाच्या छातीत हवा नसती का? असती. मग तो उठून चहा मागतो का?"

याला कुणाकडं उत्तर नव्हतं. ज्याला उत्तर नाही ते खरंच असणार, या हिशेबानं सगळ्यांनी माना डोलावल्या.

दारात उभ्या असलेल्या सोनियानं मात्र मान हलवली नाही. तिच्या पायाशी भरलेली बॅग होती.

सोनिया बद्रीनाथची बायको, मुकुंदवाडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. डबा घेतल्यावर पहिल्यांदा सगळे म्हैसमाळला निघाले, ती आत चढली, गाडी गल्लीच्या बाहेर पडली आणि पडद्यावरचे दोन आकडे गेले. टीं टीं सुरू झालं. "सून चढली आन् हवा उतरली," शेजारच्या केसरबाई गमतीनं म्हणाल्या. पण गंमत घरात शिरली की तिचं कधी विष होतं ते कळत नाही. बद्रीनाथनं चाकांना हवा मोजणारी सेन्सरची टोपणं बसवून देणाऱ्या फिटरला, कडुबाला, फोन लावला. कडुबा म्हणाला, "भाई, सेन्सर में खोट नै. मामला दुसराच हाय. माझ्या वळखीचे एक महाराज हायेत."

महाराज आले, डब्याभोवती फिरले, आत जाऊन पलंगावर बसून पाहिलं, संडासाचं दार उघडून पाहिलं. मग डोळे मिटून निदान केलं: घरात नव्यानं आलेल्या बाईचा पायगुण वाईट आहे. सव्वा महिना ती माहेरी राहील, आणि डबा महाराजांच्या सेवेत रथ म्हणून अर्पण होईल, तरच बाधा सुटेल.

"संन्याशाला संडासवाला रथ कशाला लागतो?" सोनियानं त्या दिवशी विचारलं होतं.

"तुझं शास्तर शाळंत ठेव," सासू कडाडल्या होत्या. त्यापेक्षा जास्त लागलं ते बद्रीनाथचं बोलणं. तो खाली बघत म्हणाला होता, "जा ना थोडे दिवस. मायचं मन राहील." तिनं बॅग भरली. रडली नाही. पण साड्यांच्या घड्या काही केल्या जमेनात.

आज तोच अर्पणाचा मुहूर्त होता. महाराज समजावून सांगत होते, "मागचं डावं चाक म्हणजे मूलाधार चक्र. स्टिअरिंग म्हणजे आज्ञाचक्र. आन् स्टेपनी? स्टेपनी म्हणजे पुनर्जन्म! या सगळ्यांची फ्रिक्वेन्सी बिघडली, की टीं टीं व्हतं. कडुबा, पादुका आण!"

आता चेला झालेल्या कडुबानं डोक्यावर लाकडी पेटी आणली. पेटीत महाराजांच्या गुरूंच्या पादुका. पेटी कुणी उघडायची नाही; उघडणाऱ्याचे डोळे जातात. पेटी डब्याच्या पुढच्या खिडकीत ठेवली गेली. महाराजांनी भजन सुरू केलं. भजन संपता संपता रेघा गेल्या आणि दोन आकडे आले, छत्तीस, छत्तीस.

"आला! प्राण आला!" टाळ्या, टाळ, जयजयकार. एका म्हाताऱ्यानं तर टायरलाच नमस्कार केला.

पेटी खाली काढली. पुन्हा भजन. पुन्हा रेघा. पेटी वर ठेवली, पुन्हा आकडे.

सोनिया बघत होती. चमत्कार होत होता, हे तिला नाकारता येत नव्हतं. ती रोज मुलांना सांगायची, दिसतंय ते आधी नीट बघा, मग हसा. म्हणून तिनं बघितलं. प्रत्येक वेळी भजन लागत होतं. भजन कशाला? वेळ जावा म्हणून. चाकावरचं टोपण थोड्या थोड्या वेळानंच आकडा पाठवतं, तोवर लोकांनी कुठं बघायचं?

आणि दुसरी गोष्ट तिला आठवली. काल संध्याकाळी महाराज मुक्कामाला आले, तेव्हा चतुराबाई पेटी देवघरात ठेवायला निघाल्या होत्या. कडुबानं त्यांना अडवलं. "नाय माई, तिथं नको."

"देवघरापरीस चांगली जागा कोन्ती?"

"तिथं पॉइंट नाय," कडुबा बोलून गेला आणि मग घाईनं म्हणाला, "म्हंजे... एकांत नाय."

पादुका मग बैठकीच्या खोलीत, दार लावून, विजेच्या बोर्डाशेजारी एकांतात बसल्या होत्या. गुरूंच्या पादुकांना चार्जिंग लागतं, हे सोनियाच्या कालच ध्यानात यायला हवं होतं. पण काल ती साड्यांच्या घड्या घालत होती.

तिनं बॅग तिथंच सोडली आणि ती पुढं आली. डोक्यावर पदर, हात जोडलेले.

"महाराज, एवढ्या पवित्र पादुका उघड्या खिडकीत? धूळ बसती. आमच्याकडं स्टीलची नवी कोठी हाय, झाकणाची. तिच्यात ठेवून कोठी डब्यात ठेवू का?"

महाराजांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. कडुबाच्या मात्र उमटलं. "नको, नको!" तो ओरडला.

"का नको?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. "सून मान देऊ लागली तर देऊ द्या की!"

महाराज अडकले. पेटी कोठीत गेली, झाकण बसलं. भजन झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला मंडळातल्या बायांचे आवाज बसले. पडद्यावर रेघा. टीं टीं.

"लोखंड!" महाराजांना सुचलं. "स्टील म्हंजे लोखंडच. लोखंडात शनी! तांबं असतं तर गोष्ट येगळी. तांबं शुद्ध, तांबं सात्त्विक."

हे ऐकून चतुराबाई उठल्या. त्यांची श्रद्धा पक्की होती. ती खोटी पडेल अशी शंका त्यांच्या मनाला शिवलीही नव्हती, म्हणूनच त्या एवढ्या झपाट्यानं घरात गेल्या आणि लग्नात आलेला तांब्याचा हंडा, चिंचेनं घासून लखलखीत केलेला, झाकणासकट घेऊन आल्या.

"हे घ्या, महाराज. अस्सल तांबं."

पेटी हंड्यात गेली. वर तांब्याचं झाकण. चतुराबाईंनी स्वतः भजन धरलं, डोळे मिटून, जीव ओतून. भजन संपलं. डोळे उघडले. रेघा.

त्यांनी महाराजांकडं बघितलं. महाराज आकाशाकडं बघत होते.

"आत्याबाई," सोनिया हळूच म्हणाली, "पेटी उघडा."

"डोळे जातील!" महाराज किंचाळले.

चतुराबाईंनी पेटी हंड्यातून बाहेर काढली. मग म्हणाल्या, "लई बघितलं या डोळ्यांनी. आनखी एक बघते." आणि त्यांनी पेटीची कडी काढली.

आत पादुका होत्या, नाही असं नाही. प्लास्टिकच्या. त्यांच्याखाली मोबाइलची चार्जिंग बॅटरी, आणि तिला जोडलेली काळी डबी. डबीला करंगळीएवढी दांडी, आणि एक हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता.

"हे काय हाय?" चतुराबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"सिग्नल वाढवायचं यंत्र," सोनिया म्हणाली. मग ती सगळ्यांकडं वळली. "चाकाला हवा भरायच्या तोंडाशी जे टोपण बसवलंय ना, ते हवा मोजतं आणि रेडिओसारखी लहर सोडतं. त्यातला सेल नखाएवढा. शेताच्या या बांधावरून लेकरानं हाळी दिली, तर त्या टोकाला ऐकू जाईल का? जीपची चाकं पडद्याच्या जवळ, म्हणून त्यांचं ऐकू येतं. डब्याची लांब, मधे सगळा पत्रा. पडदा म्हणतो, ऐकू येईना, आणि बोंबलतो. ही डबी मधे उभी राहून लेकराची हाळी ऐकती आणि मोठ्यानं पुढं सांगती. धातूच्या भांड्यात कोंडली, की बहिरी आन् मुकी. स्टील असो का तांबं, तिला शनी कळत नाही."

कडुबा सटकत होता, त्याला भावकीनं धरलं. मग तो घडाघडा बोलला. बद्रीनाथचा फोन आला तेव्हाच त्याला दुखणं कळलं होतं. महाराजही पूर्वी गाड्यांच्या सजावटीच्याच धंद्यात होते. डबा पाहून त्यांना वैराग्य आलं.

बाह्या सरसावून चार जण पुढं झाले. सोनियानं त्यांना अडवलं. "हात लावायचा नाही. मघाशी टायरच्या पाया पडलात, आता माणूस मारता? जादूटोण्याच्या विरोधात कायदा आहे. पोलिसांना बोलवा."

पोलीस आले, पेटीसकट दोघांना घेऊन गेले. प्लॉट रिकामा झाला. दारातली बॅग बद्रीनाथनं उचलली. "आत ठेवतो," तो पुटपुटला.

"ठेवा," सोनिया म्हणाली. "पण मला पटलं नव्हतं हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुम्हालाही पटलं नव्हतं. तरी 'जा' म्हणालात."

त्यानं बॅग आत नेली. आठवडाभर त्याला घरात चहा स्वतः करून घ्यावा लागला.

पुढच्या रविवारी त्यानं बाजारातून तसलंच यंत्र आणलं आणि डब्याच्या पुढच्या भिंतीवर, दांडी जीपकडं करून, बसवलं. काळी वायर डब्याच्या सांगाड्याला, लाल वायर मागच्या दिव्याच्या वायरला. पडद्यावर रेघाच! चतुराबाई धसकल्या. "पुन्हा बाधा!" सोनियानं जीपचे दिवे लावायला सांगितलं. आकडे आले. दिवे बंद केले, थोड्या वेळानं गेले. चतुराबाई वाकून मागच्या दिव्याकडं बघत म्हणाल्या, "आगं, दिवा लागंल तवाच याला करंट मिळतो व्हय?" सोनियाला हसू फुटलं. लाल वायर तिथून काढून, मधे फ्यूज टाकून, डब्याच्या बॅटरीला थेट जोडली. मग दिवसाउजेडीही आकडे हलले नाहीत.

त्यानंतर सगळे फुलंब्रीला लग्नाला निघाले, सोनिया पुढच्या सीटवर. चौक्याच्या घाटात टीं टीं वाजलं. पण आता रेघा नव्हत्या. आकडा होता, आणि तो उतरत होता. छत्तीसचा एकतीस झाला, एकतीसचा सत्तावीस. बद्रीनाथनं गाडी कडेला घेतली. डब्याच्या डाव्या चाकात चांगला बोटभर खिळा घुसला होता. पुढं उताराचं वळण होतं आणि खाली दरी.

मागून येणारा भावकीतला सांडू मोटारसायकल थांबवून उतरला. खिळा बघून त्यानं कपाळाला हात लावला. "वाचलात! चतुराकाकू, कोन्या महाराजाचा अंगारा लावला व्हता?"

"अंगारा नाय, बाबा," चतुराबाई रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसत म्हणाल्या. "मशीन वाजलं, गाडी थांबवली, खाली वाकून बघितलं. येवढंच. तू बी तसंच कर. कुनी म्हनलं चाकात भूत हाय, तर आधी वाकून बघ. आन् कुनी म्हनलं घरातल्या सुनंचा पायगुण वाईट हाय, तर त्याला येकच ईचार: तुला कसं कळलं? मी ईचारलं नव्हतं. म्हनून सांगते."