चालू यादीचा मजकूर

मी एक जुना मजकूर आहे. मित्रांनो, मला दुमडायला कोपरा नाही आणि पुसट व्हायला शाई नाही. मी संगणकात राहतो. तरीही मी म्हातारा होतो. कसा, ते सांगतो.

घरबसल्या दुकानातून काही मागवलं की पैसे पोचवायला मध्ये एक पेमेंट कंपनी लागते. कोणत्या दुकानाला कोणत्या पेमेंट कंपन्या जोडल्या आहेत, हे सांगणारं एक छोटं टूल आहे. विचारलं की ते यादी हातावर ठेवतं. हल्ली पुष्कळ खरेदी एआय मदतनीस करतात. माणूस म्हणतो, "अमुक मागव," आणि ते मागवतात. त्या मदतनिसांना हे टूल कसं वापरायचं ते शिकवतो, तो मी.

मला लिहिलं एका ताईंनी. ऑफिसात सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत, कारण दुसऱ्यांच्या काना-मात्रा सुधारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. टूल बनवणारा प्रोग्रामर शेजारीच बसे. त्याचं नाव पडलं होतं 'झालंच', कारण काहीही विचारा, त्याचं उत्तर तेच.

माझी पहिली ओळ मास्तरीणबाईंनी चार वेळा खोडली.

"'हे टूल पेमेंट कंपन्यांची चालू यादी देतं.' बरं वाटतंय का रे?"

"यादीसुद्धा तुमच्यासारखीच चालू का हो?" झालंच म्हणाला.

"गप रे! चालू म्हणजे आजची, ताजी. चालू महिना म्हणतो ना, तशी."

"मग टाका की. झालंच!"

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. मदतनीस मला वाचत आणि न अडखळता कामाला लागत. एकदा साहेबांनी मला मोठ्या पडद्यावर दाखवलं. "मजकूर असावा तर असा," ते म्हणाले. त्या दिवशी माझ्या सगळ्या ओळी कशा ताठ उभ्या होत्या!

मग टूल वाढलं. एखादी कंपनी काही दिवस बंद ठेवायची सोय दुकानदारांना मिळाली. टूल आता जोडलेल्या सगळ्या कंपन्यांची नावं देई आणि प्रत्येक नावापुढे 'सुरू' किंवा 'बंद' असं लिही. झालंचनं ते काम दोन दिवसांत उरकलं. मला मात्र कुणी काही सांगितलं नाही. मास्तरीणबाई दुसऱ्या कामात बुडाल्या होत्या. तेव्हापासून माझ्या मागे धाकधूक लागली. मदतनीस आला की वाटे, हा पहिल्या ओळीवर तर घसरणार नाही ना? बहुतेक जण नशिबानं सुरू असलेली कंपनी निवडत. पण नशिबावर किती दिवस काढायचे?

एका सकाळी एक मदतनीस आला. एका बाबांचा निरोप त्याच्या हातात होता: "आमच्या सात महिन्यांच्या मुलीला साधं दूध पचत नाही. तिच्या खास पावडरचा एक डबा मागव. घरातली पावडर आज रात्रीपर्यंतच पुरेल."

मदतनीस माझ्या पहिल्या ओळीवर थांबला. चालू यादी. त्यानं अर्थ लावला, ही चालू असलेल्या कंपन्यांची यादी, म्हणजे यातली कुठलीही चालेल. नावापुढे 'बंद' लिहिलं होतं खरं, पण त्या शब्दाचं काय करायचं हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. त्यानं पहिलंच नाव उचललं. नेमकी तीच बंद होती. पैसे वाटेतच अडकले आणि घरी निरोप गेला, "डबा मागवला आहे."

थांब बाळा, असं मला ओरडायचं होतं. पण मजकुराला लिहिलंय त्याहून एक अक्षर जास्त बोलता येत नाही. दुपार झाली. तीन वाजले. डबा दुकानाच्या फळीवरच.

त्या आठवड्यात दुकानदारांचे फोन मास्तरीणबाई घेत. चार वाजता एका दुकानवाल्या काकूंचा फोन आला. आवाज इतका मोठा की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अहो, त्या पोरीचे बाबा विचारतायत, डबा कुठाय? इथे 'पैसे बाकी' असंच दिसतंय. पैसे आल्याशिवाय गाडीवाला डबा घेत नाही, आणि शेवटची गाडी पाचला सुटते. ते राहतात गावाच्या त्या टोकाला. तान्हं पोर आहे हो!"

"काकू, गाडी धरून ठेवा. मी बघते."

पैसे कुठल्या कंपनीत अडकलेत ते त्यांनी पाहिलं, तर ती बंद होती. मग कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला उघडलं.

"चालू यादी... अगं बाई! झालंच, इकडे ये. या मदतनिसानं चालूचा अर्थ सुरू असा घेतला."

"पण पुढे 'बंद' लिहिलंय की!"

"ते तू टूलमध्ये लिहिलंस. मजकुरात कुणी लिहायचं, माझ्या आत्यानं?" मग त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. "माझंही चुकलंच. एकदा परत वाचायला हवा होता मी."

माझी पहिली ओळ गेली आणि तीन नव्या आल्या: "हे टूल दुकानाला जोडलेल्या सगळ्या पेमेंट कंपन्यांची आजची यादी देतं. यातल्या काही बंद असू शकतात. नावापुढे 'सुरू' असेल तीच निवडा."

मदतनिसाला पुन्हा पाठवलं. मी जीव मुठीत धरून उभा. त्यानं पहिलं नाव सोडलं. दुसरंही सोडलं. तिसऱ्यापुढे 'सुरू' होतं. पाच वाजायला सहा मिनिटं होती तेव्हा काकूंचा फोन आला, "आले बाई पैसे! डबा गाडीत टाकला."

संध्याकाळी बाबांचा निरोप आला. "मिळाला. आत्ता पितेय." मास्तरीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि झालंच उगीच खिडकीबाहेर बघत बसला.

मित्रांनो, तुम्हीही कधी कुणासाठी काही लिहून ठेवाल. बाळाच्या औषधाची वेळ, घराचा नवा पत्ता. लिहिलं की विसरून जाऊ नका. गोष्ट बदलली की तिचा मजकूरही बदला. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला तो वाचायला द्या आणि विचारा, "तुला काय कळलं?"

हल्ली मास्तरीणबाई मला दर महिन्याला वाचतात आणि खाली त्या दिवसाची तारीख घालतात. पण माणसं कामात बुडतात, त्यांचा तरी काय दोष? माझ्या खालची तारीख कधी फार जुनी दिसली, तर त्यांना जाऊन सांगाल ना?