तक्त्यातला पहिला होकार

त्या शेवटच्या साध्या दिवशीही वडील ताटाशेजारी तक्ता पसरूनच जेवायला बसले होते. सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयात त्यांचं काम एकच. सरकार जे काही करू म्हणेल त्यापुढे दोन रकाने आखायचे: मतं किती येतील आणि किती जातील. योजना चांगली की वाईट, यासाठी रकाना नव्हता. कागदावर तेवढी जागाच उरत नाही, असं ते म्हणत.

“अगं, ऐक. वस्त्यांमधले संध्याकाळचे दवाखाने बंद करायचे आणि वाचलेल्या पैशांत मोठ्या पुलावर रोषणाई. कसं वाटतं?”

“आणि तिथे येणारे पेशंट?” लेकीने विचारलं.

“आजारी माणूस मतदानाच्या रांगेत किती वेळ उभा राहणार? दिवे कसे, येता-जाता सगळ्यांना दिसतात. पोटात गेलेलं औषध कुणाला दिसतंय?” ते स्वतःवरच खूश होऊन हसले. “बोल, देशील मत?”

ही त्यांची जुनी पद्धत. पाहणी करणारे दारोदार फिरायचे ते नंतर. आधी लेकीला विचारायचं. ती शाळेत शिकवते, चार पुस्तकं वाचते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिला पटलं की शहराला पटलंच म्हणून समजा. पंधरा वर्षांपूर्वी एकदाच तिने नाक मुरडलं होतं, तर ते भरल्या ताटावरून उठले आणि चार दिवस बोलले नाहीत. आई गेलेली, घरात माणसं दोन. तेव्हापासून ती प्रत्येक योजनेला हो म्हणू लागली. पक्ष दोनदा जिंकला, श्रेय तक्त्याला मिळालं. मधे एकदा हरला, तेव्हा दोष उन्हाला दिला गेला.

“हो, देईन,” ती म्हणाली. “भाजी वाढू अजून?”

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या जिन्यात दम लागला म्हणून वडील खाली बसले. ते उठलेच नाहीत.

आठवड्याने पक्षाचे अध्यक्ष भेटायला आले. फोन वाजेपर्यंत त्यांनी वडिलांच्या फोटोकडे गंभीरपणे पाहिलं. मग फोन बंद करून खुर्ची पुढे ओढली.

“ताई, वेळ बरी नाही, कळतंय मला. पण दवाखान्यांचं घोडं अडलंय. आमच्यातलेच काहीजण कच खातायत. तक्त्यात बाबांनी लिहून ठेवलंय, ‘घरी विचारलं, होकार.’ तुम्ही तेवढं तोंडाने सांगा, उद्याच्या बैठकीत मंजूर करून टाकतो.”

“माझ्या एकटीच्या होकारावर?”

“एकटीच्या कसं म्हणता? पंधरा वर्षं पक्ष त्यावर चाललाय! आम्ही तर त्याला ताईचाचणीच म्हणतो.”

तिला हसू फुटलं, मग आजवरचे एकेक होकार आठवू लागले. बंद केलेली वाचनालयं, वाढवलेलं बसभाडं, एकात एक कोंबलेल्या शाळा. यातल्याच एका शाळेत ती सत्तर मुलांच्या वर्गावर उभी राहत होती आणि सरकारला मनातल्या मनात शिव्या घालत होती.

“नाही,” ती म्हणाली.

“नाही म्हणजे? बाबांनी तर...”

पण ती अध्यक्षांकडे पाहतच नव्हती. तिने फोटोकडे मान वळवली.

“बाबा, मला नव्हतं पटलं. हे नाही, आधीचंही काही नाही. तुम्ही पोटभर जेवावं म्हणून मी हो म्हणत होते.”